मदत हवी आहे: वय ४०, डबल मार्कर हाय रिस्क, पुढे काय?

नमस्कार मैत्रिणींनो, माझं वय ४०, दुसरी खेप, तेरावा आठवडा चालू आहे. मोठा मुलगा अकरा वर्षांचा. एनटी स्कॅन (बाळाच्या मानेमागची जाडी बघणारी सोनोग्राफी) नॉर्मल आला, पण डबल मार्कर या रक्ततपासणीत डाउन सिंड्रोमसाठी (बाळातला जन्मजात गुणसूत्रदोष) १:९०, म्हणजे नव्वदात एक, असा धोका आलाय. रिपोर्टवर लाल अक्षरात 'हाय रिस्क' बघून पोटात गोळाच आला. डॉक्टर म्हणतात, चाळिशीत नुसत्या वयानेच साधारण शंभरात एक धोका असतो, घाबरू नका. ठीक आहे, पण झोप लागत नाही त्याचं काय?

आता दोन पर्याय दिलेत. एनआयपीटी म्हणजे माझ्याच रक्तावरून तपासणी, बाळाला धोका नाही, पण पक्कं निदान नाही. अ‍ॅम्निओ, म्हणजे पोटातून सुईने गर्भजल काढून केलेली तपासणी, पक्कं सांगते, पण सोळाव्या आठवड्यापर्यंत थांबायचं आणि थोडी का होईना, गर्भपाताची भीती. कुणी थेट अ‍ॅम्निओ केलीय का? सुई टोचल्यावर किती दिवस आराम करावा लागला? पुण्यात एनआयपीटीला साधारण खर्च किती येतो, आणि रिपोर्ट किती दिवसांत मिळतो?

शिवाय बीपी वाढू नये म्हणून रात्री अ‍ॅस्पिरिनची छोटी गोळी सुरू केलीय. सासूबाई म्हणतात, 'गरोदरपणी कसल्या गोळ्या? आमच्या आत्याबाईंना पंचेचाळिशीत झालं, काही नाही झालं!' आत्याबाईंचं बीपी कुणी मोजलं होतं, देव जाणे. पस्तिशीनंतर ज्यांनी ही गोळी घेतलीय त्यांनी प्लीज अनुभव सांगा.

'देवावर सोडा' असे सल्ले नकोत, ते घरी भरपूर मिळतात.