ट्रामचा भरकटलेला करंट: पाइपला डायोड लावून भागतं का?

रूळपुराण: ट्राम नि लाइट रेल बहुधा 600 किंवा 750 व्होल्ट डीसीवर, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेवर, चालतात. करंट वरच्या तारेतून गाडीत येतो, रुळांतून वीज पुरवणाऱ्या सबस्टेशनला परततो. रुळांचं इन्सुलेशन कच्चं असलं की त्यातला काही मातीत उतरतो, वाटेतल्या लोखंडी पाइपात शिरतो आणि सबस्टेशनजवळ बाहेर पडतो. गंज लागतो तो बाहेर पडतो तिथे. सतत 1 अँपिअर वर्षभर बाहेर पडला तर फॅराडेच्या हिशोबाने साधारण 9 किलो लोखंड जातं!

यावर ठरलेला उतारा: पाइप डायोडमार्गे (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) सबस्टेशनकडे परतणाऱ्या केबलला जोडा. माझा याला विरोध आहे. जोडणी केली की करंटला आणखी सोपी वाट मिळते, एकूण गळती वाढते, न जोडलेला शेजारचा पाइप मरतो. रुळांचा तळही जास्त झिजतो, ते वेगळंच.

पाइपवाला: वाचायला छान. पण रूळ रस्त्यात गाडलेले, पाइप आज गळतोय. रस्ता उखडून रुळांखाली रबर घालेपर्यंत आम्ही काय करायचं? डायोड महिन्याभरात बसतो.

रूळपुराण: तात्पुरता लावा की. पण असलं तात्पुरतं कोणी काढलेलं पाहिलंय?

पाइपवाला: नाही, कारण तोवर पाइप टिकलेला असतो.

दोन_टोकं: नुसतं इन्सुलेशन वाढवूनही सुटका नाही. 1000 अँपिअर आणि रुळांचा रोध किलोमीटरला 20 मिलिओहम धरला तर किलोमीटरभरात 20 व्होल्ट पडतात. सबस्टेशनं लांब असतील तर रुळाचं व्होल्टेज माणसाला धोक्याच्या पातळीकडे सरकतं. त्यापेक्षा सबस्टेशनं जवळ आणा. अंतर निम्मं केलं की गळती ढोबळमानाने चौथाईवर येते.

पाइपवाला: आणि त्याचा खर्च? ट्रामवाले म्हणणार, तुम्ही पाइपला कोटिंग करा. कोटिंगला टाचणीएवढं भोक पडलं की सगळा करंट तिथूनच बाहेर पडतो. उघडा पाइप हळूहळू पातळ होतो, कोटिंगवाला थेट भोसकला जातो.

रूळपुराण: म्हणूनच म्हणतो, गळती ज्याची, खर्च त्याचा. रूळ आणि जमिनीतला रोध ट्रामवाल्यांनी नियमित मोजावा, आकडे पाइपवाल्यांना द्यावेत. डायोडची बोलणी त्यानंतर.

पाइपवाला: आकडे मिळाले तर डायोडचा हट्ट सोडतो. मिळेपर्यंत नाही.