'वार', 'अपरा' की 'प्लासेंटा'? जुळ्यांच्या निमित्ताने

शब्दवेडी: गरोदर बायकांसाठीचं एक माहितीपत्रक मराठीत करतेय. विषय: एकसारखी जुळी, दोघांत मिळून एकच प्लासेंटा (गर्भाशयात बाळाला पोसणारा अवयव), तिची वाटणी असमान आणि त्यामुळे एका बाळाची वाढ कमी. कोशात 'अपरा' आणि 'वृद्धिरोध' मिळाले. चालतील?

गोठेवाला: अपरं म्हटलं की आम्हाला बसकं नाक आठवतं! सरळ 'वार' लिहा. बाळंतिणीची वार पडते, म्हशीचा जार पडतो. जार हा 'जरायु'चा वंशज.

आजोळ: 'वृद्धिरोध' तर नकोच. आमच्याकडे वृद्धी म्हणजे सोयर. आजी विचारेल, मग यंदा पाळायची नाही का?

शब्दवेडी: पण नऊवारीतला वार, सोमवारातला वार, तलवारीचा वार... गोंधळ नाही होणार?

काना-मात्रा: ते सगळे 'तो वार'. ही 'ती वार'. सामान्यरूपातही वेगळी: त्यांचं 'वाराचा', हिचं 'वारेचा'. खरी पंचाईत अनेकवचनात आहे. 'दोन वारा' लिहिलंत की वाचक खिडकी लावायला उठेल. आणि 'एकवार जुळी' करू नका, एकवार म्हणजे एकदा. 'दोघांत एक वार', 'प्रत्येकाची वेगळी वार' असं सोडवून लिहा.

पाळणाघर नव्हे प्रसूतिगृह: मी लेबर रूममधली सिस्टर. नाळ (बाळाला वारेशी जोडणारी दोरी) आणि वार यांची गल्लत तेवढी होऊ देऊ नका. 'नाळ खाली आहे' म्हणत पेशंट येतात, असते वार खाली. जुळ्यांत दोन्ही शब्द लागणार. एकदा ट्रेमध्ये वार उलटसुलट करून पाहत होतो. मोठ्या बाळाची नाळ जवळजवळ मधोमध रुतलेली, धाकट्याची अगदी काठाला, आणि त्याच्या वाट्याला वारेचा जेमतेम एक कोपरा. वाटणी म्हणजे काय ते त्या दिवशी दिसलं.

आणखी एक. 'एकसारखी जुळी' म्हणजे 'एकाच वारेची जुळी' असं समीकरण मांडू नका. फलित बीज पहिल्या तीनेक दिवसांत दुभंगलं तर वारही वेगळी होते. एकसारख्या जुळ्यांच्या साधारण एक तृतीयांश जोड्या तशा असतात. शिवाय दोन वेगळ्या वारी (माझं अनेकवचन हे असंच!) शेजारी चिकटून एकीसारख्या दिसतात. म्हणून ११ ते १४ आठवड्यांच्या सोनोग्राफीत मधला पडदा वारेला कसा मिळतो ते पाहतात: ग्रीक अक्षर लॅम्डासारखा (λ) जाड त्रिकोण दिसला तर वेगवेगळ्या, इंग्रजी टीसारखा पातळ पडदा दिसला तर एकच.

काना-मात्रा: 'वारी' कराल तर पंढरपूरला पोचाल, सिस्टर.

शब्दवेडी: 😀 आणि 'वाढ खुंटणे'?

पाळणाघर नव्हे प्रसूतिगृह: खुंटली म्हणजे थांबली. आई घाबरते. बहुतेकदा वाढ चालू असते, पण कमी वेगाने. 'मागे पडणे' म्हणा. एकाचं अंदाजे वजन १६०० ग्रॅम, दुसऱ्याचं १२०० असेल तर फरक ४००, म्हणजे मोठ्याच्या वजनाच्या २५ टक्के. एवढा फरक ही डॉक्टर पाहतात त्यातली एक खूण. सोबत नाळेच्या धमनीतला प्रवाह बघतात. त्या प्रवाहावरून २००७पासून अशा असमान वाढीचे तीन प्रकार करतात. एकाचं रक्त दुसऱ्याकडे जास्त जाणं हा निराळा आजार, त्यात एकाचं गर्भजल वाढतं नि दुसऱ्याचं आटतं. तो या पत्रकात मिसळू नका.

वैद्यबुवा: चरकाच्या शारीरस्थानात गर्भ न वाढण्याला 'उपविष्टक' आणि 'नागोदर' म्हटलंय. पण तिथली कारणं आईच्या आहाराची आणि स्रावाची. वारेची वाटणी त्यात येत नाही, तेव्हा माझाही आग्रह नाही.

शब्दवेडी: पक्कं करते: 'दोन्ही बाळांना मिळून एकच वार असते. वारेचा वाटा सारखा नसेल, तर कमी वाट्याचं बाळ वाढीत मागे पडू शकतं.'

आजोळ: छान. फक्त प्रूफ स्वतः बघा. छापखान्यात 'वारेचा' बघून हमखास 'वाऱ्याचा' करतील.