‘द सर्चर्स’च्या ईथनला फोर्ड यांनी माफ केले आहे का?

आडवाट:
जॉन फोर्ड यांचा १९५६ सालचा ‘द सर्चर्स’ हा चित्रपट पुन्हा पाहिला आणि मत पक्के झाले की दिग्दर्शकाने ईथन एडवर्ड्सला माफ केलेले नाही. अमेरिकेच्या यादवी युद्धात दक्षिणेकडून लढलेला ईथन १८६८ साली टेक्सासमध्ये भावाच्या घरी परततो. लगेचच कोमांची या मूळ अमेरिकी जमातीची टोळी त्या कुटुंबावर हल्ला करते आणि धाकटी पुतणी डेबी हिला पळवून नेते. तो वर्षानुवर्षे तिचा माग काढतो, पण ती कोमांचींमध्ये वाढली म्हणून तिला ठार मारण्याच्या इराद्याने. एका मृत कोमांचीच्या डोळ्यांवर तो गोळ्या झाडतो, कारण डोळ्यांवाचून त्याचा आत्मा भटकत राहील, ही त्यांची श्रद्धा त्याला ठाऊक आहे. द्वेष्याला इतकी नेमकी माहिती असावी, हेच भयंकर आहे.

सांजवेळ:
मला हे पटत नाही. शेवटी तो डेबीला उचलून ‘घरी जाऊ’ म्हणतो आणि प्रेक्षक सगळे विसरतो. हे मनपरिवर्तन का झाले, ते चित्रपट सांगतच नाही. कोमांची प्रमुख स्कारची मुले गोऱ्यांनी मारली, हे एखाद-दुसऱ्या वाक्यात उरकले जाते, तेही जर्मनीत जन्मलेल्या हेन्री ब्रँडन यांच्या तोंडून. आणि लुकचे काय? नकळत गळ्यात पडलेल्या या कोमांची बायकोला ईथनचा शोधातला तरुण साथीदार मार्टिन लाथेने उतारावरून ढकलतो, ते विनोद म्हणून! पुढे घोडदळाने केलेल्या कत्तलीत तिचे प्रेत सापडते, तेव्हा मला आधीच्या हशाचाच संताप आला.

आडवाट:
लुकच्या प्रसंगाचा बचाव माझ्याकडे नाही. कारणाचे म्हणाल, तर घरी परतलेल्या ईथनने पहिल्याच संध्याकाळी लहानग्या डेबीला असेच दोन्ही हातांनी उंच उचलले होते. जे डोके विसरले, ते हातांना आठवले. भावजय मार्था आत त्याचा कोट कुरवाळते आणि बाहेर कॅप्टन क्लेटन कॉफी पीत मुद्दाम समोर पाहत राहतो, तिथेही कोणी अवाक्षर काढत नाही. फोर्ड सांगतात ते असेच. शेवटी सगळे घरात जातात, ईथन डाव्या हाताने उजवा कोपर धरून उंबरठ्याबाहेर उभा राहतो आणि दार लागते. ही शिक्षा नव्हे तर काय?

सांजवेळ:
हातांचा मुद्दा मान्य, तो माझ्या नजरेतून सुटला होता. पण चित्रीकरण जिथे झाले, त्या मॉन्युमेंट व्हॅलीच्या उन्हात, दाराच्या काळ्या चौकटीत इतके देखणे एकटेपण ज्याच्या वाट्याला येते, त्याला शिक्षा झाली असे मी म्हणणार नाही. लुकला तर तेवढीही चौकट मिळाली नाही.