'आवर्तजन्य कंपन' की आणखी काही?

प्रश्न: समुद्रातल्या नांगरलेल्या उपकरणांवरचा एक लेख मराठीत आणतोय. पाण्यातल्या केबलच्या 'व्हॉर्टेक्स-इंड्यूस्ड व्हायब्रेशन'ला 'आवर्तजन्य कंपन' लिहिलं, पण वाचताना अडखळायला होतं. काय लिहावं?

उत्तर १: अडखळायला होतं ते 'आवर्त'मुळे. संस्कृतात त्याचा अर्थ भोवराच, पण आपल्या कानात आवर्तन, आवर्ती दशांश, आवर्तसारणी बसलेली आहे. त्यामुळे वाचक 'ठरावीक काळाने होणारं कंपन' असा अर्थ घेतो. आणि हे कंपन तसंही असतंच, म्हणून चूक लक्षातही येत नाही! प्रवाह केबलला वळसा घालून जातो तेव्हा तिच्यामागे एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने भोवरे सुटतात आणि केबल आळीपाळीने दोन्हीकडे ओढली जाते. केबल अडीच सेंटिमीटर जाड आणि प्रवाह सेकंदाला अर्धा मीटर असेल, तर सेकंदाला साधारण ४ हेलकावे. सरळ 'भोवरा' घ्या.

प्रश्नकर्ता: मग 'भोवराजन्य'?

उत्तर १: नको, 'जन्य'ला संस्कृत जोडीदारच शोभतो. 'भोवऱ्यांचं कंपन' म्हटलं तर भोवरेच कापताहेत असं वाटेल. 'भोवऱ्यांमुळे होणारं कंपन' लांब आहे, पण चोख आहे.

उत्तर २: मला 'झंकार' आवडतो. इंग्रजीत या प्रकाराला 'स्ट्रमिंग'ही म्हणतात, म्हणजे तार छेडणं. चेक शास्त्रज्ञ स्ट्रूहाल यांनी १८७८ साली याचा अभ्यास केला तोही हवेत गाणाऱ्या तारांवरूनच.

उत्तर १: झंकार ऐकू यावा लागतो. सेकंदाला ४ हेलकावे कानाला ऐकूच येत नाहीत. 'थरथर'ही टाळा, तिच्यात भीती आणि थंडी आहे, ठेका नाही.

प्रश्नकर्ता: पटलं. आता 'लॉक-इन' उरलं. तिथे 'बद्धता' लिहिलंय.

उत्तर २: इथे 'लय पकडणे' वापरा. भोवरे सुटण्याची गती केबलच्या स्वाभाविक वारंवारतेच्या (केबल हलवून सोडली तर ती आपणहून सेकंदाला जितके हेलकावे घेते त्याच्या) जवळ आली, की भोवरे केबलच्याच हालचालीबरोबर सुटू लागतात. प्रवाह थोडा कमीजास्त झाला तरी ती साथ सुटत नाही, आणि हेलकावा केबलच्या जाडीएवढा होऊ शकतो. 'बद्धता'त कोण कोणाला बांधतं ते कळत नाही.

प्रश्नकर्ता: 'भोवरे केबलची लय पकडतात.' असंच लिहितो.