मदत हवी आहे: गावात बसून अवकाश संशोधनाला हातभार लावायचाय, पोरांना घेऊन. कुठनं सुरू करू?

नमस्कार मंडळी. मी खानापूर तालुक्यातल्या एका खेड्यातला, कामाला बेळगावात उद्यमबागेत लेथवर, शिक्षण आयटीआय. 2023 च्या 23 ऑगस्टला संध्याकाळी सहा वाजून चार मिनिटांनी चांद्रयान-3 चा विक्रम चंद्रावर टेकला तेव्हा आमच्या घरी गल्लीतली वीसेक पोरं टीव्हीपुढं दाटीवाटीनं बसलेली. सगळी नाचली, आणि मग माझी भाची म्हणाली, "मामा, आपण नुसत्या टाळ्याच वाजवायच्या काय?" तवापासनं ते डोक्यातनं जाईना झालंय.

तेव्हा ती सहावीत होती, आता आठवीत, मराठी शाळा. नववीतल्या पोरांसाठी इस्रोचा युविका कार्यक्रम आहे, त्याचा अर्ज पुढच्या वर्षी भरणारच. पण त्यात निवडक पोरं जातात, आणि बाकीच्या एकोणीस पोरांचं काय? मला सगळ्यांच्या हाताला काम पाहिजे, आणि ते खरं काम पाहिजे, कुणाच्या तरी उपयोगी पडणारं.

एक जमलंय. झूनिव्हर्स म्हणून वेबसाइट आहे, तिच्यावर ग्रह शोधायचा प्लॅनेट हंटर्स टेस प्रकल्प आहे, फुकट. मोबाईलवर एका ताऱ्याच्या उजेडाचा आलेख येतो, नुसते ठिपके, आणि ताऱ्यापुढनं ग्रह गेला की उजेड किंचित बसतो, तो खळगा ओळखून खूण करायची. मला वाटलेलं पोरं कंटाळतील, पण भाची रात्री जेवण झाल्यावर तासभर बघत बसते. परवा म्हणाली, "मामा, हितं खाली बसलंय बघ, आणि परत तेवढ्याच अंतरावर बसलंय." आता तो ग्रह असेल नाहीतर दोन तारे एकमेकांभोवती फिरत असतील, पण तेवढ्याच अंतरावर म्हणजे एकच वस्तू फेऱ्या मारूलालीय, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं ओ. माझ्या अंगावर काटा आला.

दुसरं अडकलंय, आणि मुख्य मदत तिथंच पाहिजे. आमच्याकडं मिरगापासनं दसऱ्यापर्यंत आभाळ काय दिसत नाही, म्हणून म्हटलं हवामानाचे उपग्रह रेडिओवरनं चित्रं पाठवतात ती पकडलेली बरी, रेडिओला ढग आडवे येत नाहीत. अँटेनासाठी ॲल्युमिनियमच्या दोन काड्या 53 सेंमीच्या कापल्या, 120 अंशात बसवल्या, लॅपटॉपला लावायचा रेडिओचा यूएसबी डोंगल घेतला आणि जुने व्हिडिओ बघून नोआ-19 या अमेरिकन उपग्रहाची वाट बघत बसलो. तीन रविवार नुसती खरखर. मग कळलं की नोआ 15, 18 आणि 19 तिन्ही 2025 मध्येच बंद केले, पोरं लई हिरमुसली. आता मेटिऑर एम2-3 आणि एम2-4 हे रशियाचे उपग्रह बघूलालोय, 137.9 मेगाहर्ट्झवर. उपग्रह डोक्यावरनं जाताना लॅपटॉपवर सिग्नलचा उंचवटा दिसतो, पण सॅटडंपमध्ये (सिग्नलचं चित्र करणारं सॉफ्टवेअर) चित्र तयार होत नाही. काय चुकतंय? अँटेना घराच्या पत्र्यावर आहे, केबल टीव्हीची, 10 मीटर.

तिसरं, लघुग्रह शोधायची आंतरराष्ट्रीय मोहीम असते, आयएएससी, हवाईतल्या पॅनस्टार्स दुर्बिणीचे फोटो टीमला देतात, एकाच जागेचे चार फोटो पुढंमागं करून सरकणारा ठिपका शोधायचा. आमच्या शाळेतली पोरं इंग्रजीला घाबरतात, कुणी मराठी पोरांकडनं हे करून घेतलंय काय? चेन्नईच्या षण्मुग सुब्रमणियन यांनी 2019 मध्ये नासाचे आधीचे आणि नंतरचे फोटो घरी बसून ताडून बघितले आणि पडलेल्या चांद्रयान-2 च्या विक्रमचा तुकडा दाखवला, नासानं ते मान्य केलं. ते एका ठिपक्यावरनं. मग आमच्या पोरांना का जमू नये?

उत्तर १: दादा, उंचवटा दिसतोय म्हणजे निम्मं काम झालंय. आधी अँटेना पत्र्यावरनं काढा, लाकडी काठीवर आडवी बांधून मोकळ्या शेतात न्या, व्ही चं तोंड उत्तर-दक्षिण ठेवा. जवळचे एलईडी बल्ब आणि चार्जर बंद करा, त्यांची खरखर फार असते. सॅटडंपमध्ये मेटिऑरचा 72के (माहिती येण्याचा वेग) वाला पर्याय निवडलाय का बघा, 80के असेल तर चित्र यायचं नाही. आणि अगदी डोक्यावरनं जाणारा पासच (उपग्रहाची फेरी) धरा. टीव्हीची केबल चालते, तिचा दोष नाही.

उत्तर २: मी आमच्या शाळेत लघुग्रहाचं केलंय. ते फोटो तपासायचं ॲस्ट्रोमेट्रिका सॉफ्टवेअर विंडोजवर चालतं, एक लॅपटॉप पुरतो. इंग्रजीतले शब्द पंधरा-वीसच लागतात, ते मराठीत लिहून भिंतीवर लावले, आठवड्यात पोरं तयार झाली. एक पहिल्याच दिवशी सांगा, ठिपका सापडला म्हणून लगेच शोध लागला असं नसतं, कक्षा पक्की व्हायला वर्षं जातात.

धागाकर्ता: दोघांचेही लई आभार. ताई, ते शब्द मला पाठवा की, कन्नडमध्येही लिहून घेतो, शेजारच्या शाळेतली पोरं पण येतो म्हणतात. आणि दादा, आत्ता बघितलं, 80केच लावलं होतं. उद्या सकाळी कामाला जायच्या आधी एक पास आहे, भाचीनं काठी आत्ताच दाराशी आणून ठेवलीय.