शेरीफच्या खात्यात नोकरी आणि वर कादंबऱ्या, चालतं का हे?

उनाड_पाखरू: मंडळी, मी अमेरिकेत लॉस एंजेलिस काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं) राहतो, इथल्या लायब्ररीच्या वाचनगटात एकजण येतो तो शेरीफच्या खात्यात डेप्युटी, म्हणजे तिथला पोलीसच, आहे आणि गुन्हेगारी कादंबऱ्या लिहितो, सगळं काल्पनिक म्हणतो पण ऐकताना वाटतं की हे काल ड्युटीवरच घडलंय. खातं काही बोलत नाही का याला? आणि शेरीफ नेमका करतो काय हो, आपल्या मुंबईचा शेरीफ म्हणजे वर्षभराचं मानाचं पद, हार घालायचे आणि फोटो काढायचे, इथे तर बंदुका!

जुना_एलएकर: इथला शेरीफ मतदानाने निवडून येतो, चार वर्षांसाठी. पूर्वी त्याला मधेच काढणं जवळपास अशक्य होतं, २०२२ मध्ये लोकांनीच मतदान करून काउंटीच्या बोर्डाला चार पंचमांश मतांनी काढायचा अधिकार दिला. काउंटीत ८८ शहरं, त्यातली ४२ स्वतःचे पोलीस न ठेवता पैसे भरून शेरीफचेच घेतात, मालिबू, कॉम्प्टन, वेस्ट हॉलिवुड वगैरे. खाकीसर शर्ट, हिरवी पॅन्ट आणि सहा टोकांचा स्टार दिसला की शेरीफ, गडद निळा युनिफॉर्म म्हणजे लॉस एंजेलिस शहराचे पोलीस. आणि मुख्य म्हणजे तुरुंग! नवीन पोरांना आधी तिथे ड्युटी, गस्तीची गाडी मागाहून. तुझ्या लेखकाकडे खरा माल तिथलाच असणार, कैद्यांची मोजणी, डबल शिफ्ट, कोण कोणाशेजारी बसत नाही ते. पाठलाग काय कोणीही लिहितं.

कायदेकानू: घरी बसून स्वतःच्या वेळात लिहिलं तर सरसकट बंदी घालता येत नाही, सरकारी नोकरालाही बोलायचं स्वातंत्र्य आहे. फक्त १९६८ च्या पिकरिंग खटल्यापासून कोर्ट त्याचं बोलणं आणि खात्याचं कामकाज अशी दोन्ही पारडी बघतं. २००६ चा गार्सेटी निकाल तर याच काउंटीतला, सरकारी वकिलांच्या ऑफिसमधला, ड्युटीचा भाग म्हणून जे लिहाल त्याला ते संरक्षण नाही असं ठरलं. कादंबरी त्यात बसत नाही, पण चालू तपासातली माहिती घातली तर खातं सोडणार नाही आणि सोडूही नये.

उनाड_पाखरू: म्हणजे नावं बदलली की झालं?

जुना_एलएकर: शहर पोलिसात जोसेफ वॉम्बॉ होता ना, १९७१ ला पहिली कादंबरी आली तेव्हा नोकरीतच, १९७४ ला सोडली.

खडूस_आत्या: नावं बदलून काय होतंय, फर्मन आठवा की! तोही शहर पोलीसच, ओ. जे. सिम्पसनच्या (तो फुटबॉलपटू, माजी बायकोच्या खुनाचा आरोप होता) खटल्यातला डिटेक्टिव्ह. एका लेखिकेला पटकथेसाठी मुलाखती दिल्या, १९८५ पासून जवळजवळ दहा वर्षं टेप चालू, त्यात काळ्या लोकांबद्दल ती घाणेरडी शिवी चाळीसच्या वर वेळा. आणि कोर्टात शपथेवर सांगितलं की दहा वर्षांत तो शब्द तोंडातून गेला नाही. १९९५ मध्ये टेप बाहेर आल्या, मग म्हणे ते पात्रांचे संवाद होते. ज्यूरीला त्यातले दोनच तुकडे ऐकवले तरी व्हायचं ते झालं, पुढच्या वर्षी खोट्या साक्षीच्या आरोपाला त्याने नो कॉन्टेस्ट म्हटलं, म्हणजे गुन्हा कबूलही नाही आणि लढणारही नाही. तुमच्या डेप्युटीलाही कधीतरी साक्षीला उभं राहायचंच आहे, आणि समोरच्या वकिलाने पुस्तक विकत आणलं तर? नायक कैद्याला बडवतो आणि रिपोर्टमध्ये पडला म्हणून लिहितो, असं पान असेल तर न्यायाधीश ते वाचू देईल न देईल, पण वकील विचारून तर बघणारच.

कायदेकानू: आत्या बरोबर आहेत, फक्त फर्मन अडकला तो शपथेवर खोटं बोलला म्हणून, कथेसाठी बोलला म्हणून नाही.

खडूस_आत्या: ते खरंय. पण टेपच नसत्या तर पकडला असता का कोणी?

उनाड_पाखरू: बाप रे. पुढच्या मीटिंगला विचारतो त्याला, पुस्तकावर सही घेऊन झाल्यावर 😄