नाकाचा पडदा वाकडा: कान-नाक-घसा तज्ज्ञ की चेहऱ्याचे प्लास्टिक सर्जन?

निशिगंधा: सहा वर्षांपूर्वी चेंडू लागून माझे नाक मोडले. तेव्हापासून डावी नाकपुडी जवळजवळ बंद असते आणि नाक बाहेरूनही थोडे वाकडे दिसते. श्वास मोकळा व्हावा, हा मुख्य हेतू आहे. रजा दहाच दिवसांची मिळेल आणि पैसा एकाच शस्त्रक्रियेपुरता आहे. तज्ज्ञ कसा निवडावा?

रानवारा: माझ्या पडद्याची, म्हणजे दोन नाकपुड्यांमधल्या भिंतीची, शस्त्रक्रिया कान-नाक-घसा तज्ज्ञांनी केली. आठवड्याने आतल्या पट्ट्या काढल्या, तेव्हा कित्येक वर्षांनी रात्रभर तोंड मिटून झोपलो. दिसण्याचा विचार सोडा आणि महिनाभर रजा घ्या.

अबोली: मला हे मान्य नाही. माझा पडदा सरळ झाला, पण नाकाची बाजूची भिंत श्वास घेताना आत ओढली जात होती, हे आधी कोणी पाहिलेच नाही. दुसऱ्या शस्त्रक्रियेत आधारासाठी कानाची कूर्चा (हाडापेक्षा मऊ, लवचीक भाग) घ्यावी लागली, कारण पडद्याची पहिल्याच वेळी काढून टाकली होती. बोटांनी गाल बाहेरच्या बाजूला ओढून पाहा. त्याने श्वास सुधारला, तर अडथळा त्या भिंतीत असू शकतो. दोन्ही कामे एकत्र करणाराच शोधा, खर्च वाढला तरी चालेल.

जुना वाचक: ॲलर्जी असेल तर स्टिरॉइडचा फवारा काही आठवडे नियमित वापरल्याशिवाय शस्त्रक्रियेला होकार देऊ नये. फवारा पडद्यावर नव्हे, बाहेरच्या भिंतीकडे मारावा. माझ्या नाकातून वर्षभर रक्त येत होते, ते फवाऱ्याची दिशा बदलल्यानेच थांबले.

शर्वरी: माझे नाक प्लास्टिक सर्जननी इतके सुरेख केले की ओळखीचे लोकही थबकतात. मात्र शेंड्याची सूज पूर्ण उतरायला वर्ष लागले.

रानवारा: पुन्हा सांगतो, श्वास महत्त्वाचा, रूप नव्हे.

निशिगंधा: गाल ओढून पाहिला, फरक पडला नाही. दोघांना भेटले. कान-नाक-घसा तज्ज्ञांनी दुर्बिणीतून पडद्याचा बाक स्क्रीनवर दाखवला आणि नाकाचा बाहेरचा आकार आपण बदलत नाही, हे न विचारता सांगितले. त्या स्पष्टपणामुळे त्यांच्याकडेच, फक्त पडद्याची शस्त्रक्रिया दहा दिवसांच्या रजेत करणार आहे. अबोलीताई, पडद्याची कूर्चा शक्य तितकी राखावी, असे त्यांना लेखी कळवले आहे.